उकाड्यातही न मेलेला अणू

आमच्या भोपाळात सध्या सगळंच क्वांटम झालंय. कोलार रोडवर आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक कोचिंग क्लास आहे, त्याच्या पाटीवर तो शब्द आहे. शेजारच्या सलूनमध्ये त्याच नावाचा केसांना लावायचा लेप मिळतो. माझा मेव्हणा सरकारी कचेरीत इकडच्या फायली तिकडे करतो, तोसुद्धा हल्ली आपल्या अंतर्ज्ञानाला हेच विशेषण लावतो. या सगळ्या मंडळींना मी मनातल्या मनात फार खालच्या पायरीवर बसवून ठेवलं होतं. पण सलूनवाल्याच्या बाजूनं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्यानं आजवर कोणाला खोटा अणू दाखवलेला नाही. मी दाखवलाय, आणि वर पोहे-जलेबीही खाऊ घातलीय.

माझे वडील नागपूरहून इथल्या कारखान्यात नोकरीला आले, मी इथलाच. घरात शुद्ध मराठी आणि फाटकाबाहेर 'क्या कर रिये हो', अशा दोन जिभांवर वाढलो. शिकायला बाहेर गेलो, परत आलो आणि शहराबाहेरच्या एका संस्थेत भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झालो. तिथं माझी एक प्रयोगशाळा आहे. तिच्या मधोमध छतापासून लोंबणारा एक उंच पांढरा डबा आहे, त्याला आम्ही फ्रिज म्हणतो. पाहुण्यांना तो पाहून आधी गीझर आठवतो आणि मग ते फोटो काढतात.

या फ्रिजच्या तळाशी आम्ही काय करतो ते सांगतो, फार डोकं लागत नाही त्याला. नखाएवढ्या चिपवर एक अरुंद गल्ली कोरलेली असते, तिचं नाव वेव्हगाइड. तिच्यातून मायक्रोवेव्ह जातात. डोळ्याला दिसत नाहीत, पण आहे तो प्रकाशच. गल्लीच्या कडेला ॲल्युमिनियमचं एक इवलंसं वेटोळं असतं. निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेलं की ते अणूसारखं वागायला लागतं, म्हणजे ठरावीक एकाच सुराचा प्रकाश घेतं आणि बाकीच्यांकडे ढुंकून बघत नाही. म्हणून तो कृत्रिम अणू.

आता आमच्या कॉलनीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. स्कूटर एकेक करून आल्या तर तो प्रत्येकीला अडवून परत पाठवू शकतो. एकदम पन्नास आल्या की एकाची चौकशी चालू असताना बाकीचे एकोणपन्नास आत गेलेले असतात. आमचा अणू तसाच आहे. प्रकाशाचे कण सुटे सुटे आले तर तो जवळजवळ सगळे माघारी फिरवतो आणि पलीकडे मोजलेल्या आलेखात एक खड्डा पडतो. गर्दी झाली की त्याचं काही चालत नाही, खड्डा भरून येतो. साध्या भिंतीनं एकाला काय आणि हजारांना काय, सारखंच अडवलं असतं. गर्दीपुढे हात टेकणं ही अणूची खूण.

ही खूण मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलीय. शिकवणं आणि कळणं यांचा माझ्या बाबतीत फारसा संबंध नाही, हे त्या उन्हाळ्यात सिद्ध झालं.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती, पांढुर्ण्याची. पांढुर्णा मध्य प्रदेशात असलं तरी तिथं घराघरांत मराठी चालते, त्यामुळे आम्ही दोघं प्रयोगशाळेत मराठीत भांडायचो आणि बाकीच्यांना वाटायचं, सर काहीतरी खोल समजावून सांगतायत. तिची पाच वर्षं त्या जूनमध्ये संपत होती आणि हातात दाखवण्यासारखा एकही निकाल नव्हता. मुदत वाढवून हवी असेल तर तीन जणांच्या समितीसमोर उभं राहायचं. समितीनं मान हलवली तर सहा महिने, नाही हलवली तर पीएच.डी. न होताच घरी. पाच वर्षं घालवून आलेल्या मुलीला घरी काय विचारतात, हे तिनं मला एकदाही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी त्या काळी मोठ्या प्रश्नांत होतो.

त्या पाचातली दोन वर्षं तर सरळ माझ्या खात्यावर जातात. चिप ज्या तांब्याच्या डबीत बसवायची, ती डबी मी डिझाइन केली होती. ऐसपैस, कोपरे गोल, बघत राहावं अशी. ती म्हणत होती की सर, लहान करू या, एवढी मोठी डबी स्वतःच वाजायला लागेल. ताटाला चमचा लागला की ताट आपल्या सुरात वाजतं, तशी धातूची पोकळ डबीही मायक्रोवेव्हला आपल्या सुरात वाजते. डबी मोठी असली की तो सूर नेमका आपल्या मोजणीच्या पट्टीत येऊन बसतो. मी तिला म्हणालो होतो की डबी बनवायला अनुभव लागतो. तो माझ्याकडे होता. वाईट डब्या बनवण्याचा.

मेच्या सुरुवातीला फ्रिज थंड झाला, मोजणी सुरू झाली आणि पडद्यावर एक खड्डा उमटला. इतका खोल, इतका देखणा, की मी खुर्चीवरून उठलो. आमच्याकडे रिवाज असा की पहिला सिग्नल आला की ज्याचा सिग्नल त्यानं सगळ्या विभागाला नाश्ता द्यायचा. शहाणी माणसं दोन-चार दिवस तपासून मग देतात. मी अर्ध्या तासात गाडी काढून पोहे आणि जलेबी आणली. विभागप्रमुखांनी जलेबी हातात घेऊन पडद्याकडे पाहिलं आणि हे फार सकारात्मक आहे असं मत दिलं. ते महिनाअखेरच्या अहवालापासून गळक्या नळापर्यंत सगळ्यालाच सकारात्मक म्हणतात, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

तिनं जलेबी घेतली नाही. ती म्हणाली की आधी पॉवर वाढवून बघू. मी मोठ्या मनानं बटण फिरवलं. पॉवर वाढत गेली आणि खड्डा हळूहळू भरून आला. वॉचमन गर्दीपुढे हरला. मी तिच्याकडे असं पाहिलं की पुढची काही वर्षं तिनं शंका काढू नये.

तिनं त्याच दिवशी तीन काढल्या.

पहिली: हा अणू ज्या पॉवरला दमायला हवा, त्याच्या हजारपट पॉवरला दमतोय. मी म्हणालो, केबलमध्ये किती सिग्नल वाया जातो याचा आपला अंदाज चुकला असेल. म्हणजे एका आकड्यानं मला खोटं ठरवलं, तर मी आकडाच बदलला.

दुसरी: चिपच्या खाली एक कॉइल आहे, तिच्यातून करंट सोडला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि अणूचा सूर सरकतो. आपला खड्डा जागचा हलत नाही. यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, कॉइल खराब आहे.

तिसरी: त्या खड्ड्यापासून दूर, बऱ्याच खालच्या सुरावर तिला एक फिकट, बारीकशी खळी दिसत होती, आणि करंट बदलला की ती खळी सरकत होती. म्हणजे कॉइल ठणठणीत होती. मी म्हणालो, तो कचरा आहे, त्या फायली काढून टाक.

एवढं बोलून मी सभागृहात जाऊन तासभर व्याख्यान दिलं. विषय होता, एकट्या कृत्रिम अणूचं प्रकाशावरचं साम्राज्य. 'साम्राज्य' हा शब्द माझा. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्या कोणालाही काही कळलेलं नव्हतं आणि याच लोकांच्या मताला मी त्या दिवशी किंमत देत होतो, यावरून माझी किंमत काढा. व्याख्यानानंतर समितीला एक पत्र लिहिलं की माझ्या विद्यार्थिनीनं एका अणूकडून जवळजवळ सगळा प्रकाश परतवून दाखवला आहे, फक्त उरलेली मोजमापं करायला तिला सहा महिने द्यावेत. ते पत्र तिच्या फायलीत लागलं. तिला मी ते दाखवलंही नाही, विभागाच्या बाबूनं दाखवलं.

मग भोपाळच्या उन्हानं काम केलं. फ्रिजच्या कंप्रेसरला थंड पाणी लागतं. ते पाणी गार करणारं यंत्र, म्हणजे चिलर, गच्चीवर असतो, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो बंद पडला. दुरुस्ती करणारा तीन दिवसांनी येणार होता. फ्रिज तापायला लागला. अशा वेळी रीत अशी की सगळं बंद करायचं आणि पंख्याखाली बसून राहायचं. मी रीत पाळली. तिनं नाही पाळली. तिनं मोजणी चालूच ठेवली, फ्रिज तापत असताना दर दहा मिनिटांनी एक आलेख.

दोन दिवसांनी दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली. विचारलं, "सर, फ्रिज आत्ता किती गरम आहे, सांगा."

मी म्हणालो, असेल दोनशे केल्विन.

"तीनशे. तुमच्या या खोलीएवढा." तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "आणि हा आपला अणू."

खड्डा तिथंच होता. थोडा रुंद झालेला, किंचित सरकलेला, पण धडधाकट. ॲल्युमिनियम साधारण एका केल्विनच्या वर गेलं की त्याची अतिवाहकता, म्हणजे वीज जराही न अडवता वाहू देण्याची करामत, संपते, त्याचं पुन्हा साधं भांड्याचं ॲल्युमिनियम होतं आणि आमचा अणू तिथं मरतो. हे तिला मीच शिकवलं होतं. माझा अणू मात्र भोपाळच्या उकाड्यात पंख्याशिवाय जगत होता. तो अणू नव्हताच. ती माझी ऐसपैस, गोल कोपऱ्यांची डबी वाजत होती, आणि वाजताना आपल्या सुराचा प्रकाश गिळत होती.

मग पॉवर वाढवल्यावर खड्डा भरून का येत होता? तेही तिनंच शोधलं होतं. शेवटी एक ॲम्प्लिफायर असतो, सिग्नल मोठा करायला. त्याचीही ताकद बेताची. हळू बोलणाऱ्याचा आवाज तो वाढवतो, पण आधीच ओरडणाऱ्याला त्याच मापात वाढवणं त्याला झेपत नाही. त्यामुळे खड्ड्याबाहेरचा जोरदार सिग्नल दबत होता, खड्ड्यातला कमजोर सिग्नल पूर्ण वाढत होता, आणि खड्डा उथळ दिसत होता. दमत होता ॲम्प्लिफायर, आणि मी व्याख्यान अणूच्या दमण्यावर दिलं.

इथं तरी मी गप्प बसावं की नाही? मी विचारलं, "केबल तपासलीस का?"

"सर, बस करा ना आता."

पाच वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा अशी बोलली. मी बस केलं. पण शहाणपण नावाची गोष्ट माझ्याकडे एकदम येत नाही. समितीची बैठक दहा दिवसांवर होती. यंत्र दुरुस्त होऊन फ्रिज पुन्हा थंड होईपर्यंत नवीन मोजमाप होणार नव्हतं. मी तिला माझी युक्ती सांगितली: पत्र आहे तसं राहू दे. समितीत विभागप्रमुख आहेत, त्यांना सगळं सकारात्मक दिसतं. दुसरे सदस्य कागदावर समीकरणं मांडणारे, त्यांनी आयुष्यात केबल हातात धरलेली नाही. तिसरे दिल्लीचे, ते काचेवर काम करतात. कोणाला काही कळणार नाही. मुदत घेऊन टाकू, मग निवांत खरा अणू शोधू.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मुदत मिळेल सर, माहीत आहे मला. पण तुमच्या पत्रात लिहिलंय की अणू सापडला, उरलेली मोजमापं करायची आहेत. मग सहा महिने मी मोजू काय? डबी?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो.

"सहा महिन्यांनी हेच तिघं विचारतील, काय मोजलं. तेव्हा तिथं मी उभी असेन. तुम्ही नाही."

त्या बारीक खळीच्या फायली तिनं काढून टाकल्या नव्हत्या. मी सांगितलेली पाच वर्षांतली ती एकच गोष्ट तिनं ऐकली नव्हती, आणि नेमकी तीच कामाची निघाली. खळी कॉइलच्या करंटबरोबर सरकत होती. अगदी थोड्या पॉवरला, जिथं ॲम्प्लिफायर दमायचा प्रश्नच नव्हता, तिथं ती भरून येत होती. आणि फ्रिज एका केल्विनच्या पुढे जाताच ती नाहीशी झाली होती. तापताना काढलेल्या आलेखांत ते स्पष्ट दिसत होतं. खरा अणू तो होता. फिकट एवढ्यासाठी, की माझ्या डबीच्या गोंगाटात त्याला कोणी बोलूच देत नव्हतं. पण ही खळी समितीपुढे ठेवायची तर आधी मोठ्या खड्ड्याचं काय, हे सांगावं लागणार होतं, आणि ते सांगायचं काम पत्र लिहिणाऱ्याचं होतं.

मी दुसरं पत्र लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात असं होतं की काही तांत्रिक कारणांमुळे पूर्वीच्या निरीक्षणांचा फेरविचार आवश्यक ठरला आहे. दुसऱ्यात चिलर बंद पडल्याचा सविस्तर वृत्तांत होता, जणू खोटं चिलर बोलला होता. तिसऱ्यात मी त्या डबीच्या अनुनादाला 'रोचक' म्हटलं होतं. बायको शाळेत गणित शिकवते, मुलांच्या सबबी तपासण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. तिनं तिन्ही खर्डे वाचले आणि विचारलं, "अहो, यात चुकलं कोण ते कुठं लिहिलंय?"

चौथा खर्डा पाच ओळींचा झाला. खड्डा डबीचा आहे. डबी मी बनवली. विद्यार्थिनीनं तीन वेळा सावध केलं, मी ऐकलं नाही; हजारपट पॉवरचा आकडा दाखवला तर केबलला दोष दिला. तिचा खरा निकाल सोबत जोडला आहे. आधीचं पत्र मागे घेतो. इतकं छोटं आणि इतकं खरं मी नोकरीत दुसरं काही लिहिलेलं नाही.

बैठकीच्या दिवशी दिल्लीच्या सदस्यांना आणायला मीच सकाळी हबीबगंजला गेलो. स्टेशनचं नाव बदलून बरेच दिवस झाले, पण आमच्या तोंडून ते जात नाही. वाटेत त्यांनी मला विचारलं की क्वांटमचा शेतीला काय उपयोग. मी म्हणालो, बघू.

समितीसमोर विद्यार्थी बोलायच्या आधी मार्गदर्शकानं दोन शब्द बोलायचे असतात. मी पत्र वाचून दाखवलं. विभागप्रमुखांना काय म्हणावं सुचेना, कारण सकारात्मक म्हणायची सोय नव्हती. समीकरणवाल्यांनी चष्मा काढला. मी ज्यांना काही कळणार नाही असं गृहीत धरलं होतं, त्यांनी एकच प्रश्न विचारला: "हजारपट पॉवरचा आकडा समोर दिसत असताना तुम्ही केबलला दोष दिलात?"

मी हो म्हणालो.

"का?"

"कारण नाश्ता वाटून झाला होता."

हसलं कोणी नाही. हे उत्तर मला गाडीत सुचलं असतं तर मी ते दिलं नसतं. पण खरं कारण तेच होतं, आणि पर्यायी कारण माझ्याकडे नव्हतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते माझ्याविषयी होतं आणि चांगलं नव्हतं, हे उलट्या बाजूनंही वाचता आलं.

मग ती उभी राहिली. पंचवीस मिनिटं बोलली. 'साम्राज्य' वगैरे काही नाही. खळी कुठं आहे, करंटबरोबर कशी सरकते, किती पॉवरला भरते, किती तापमानाला मरते. मोठ्या खड्ड्याचा आलेखही तिनं दाखवला, आणि त्यावर माझी एकदाही टर उडवली नाही. ते मला जास्त लागलं. समीकरणवाल्यांनी तिला दहा प्रश्न विचारले. आठांची उत्तरं तिनं दिली, दोनांना माहीत नाही म्हणाली. 'माहीत नाही' हे दोन शब्द त्या खोलीत मी तरी पहिल्यांदाच ऐकले.

आम्हाला बाहेर काढलं. कॉरिडॉरमधल्या बाकावर आम्ही दोघं बसलो, मधे माणूसभर जागा. ती भिंतीकडे बघत होती आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. 

वीस मिनिटांनी विभागप्रमुखांनी मला एकट्याला आत बोलावलं. सहा नाही, चार महिने. आणि एक अट: शेजारच्या प्रयोगशाळेतल्या तरुण सहकाऱ्याला तिचा दुसरा मार्गदर्शक नेमायचं, मोजमापांवर आधी त्याची सही आणि मग माझी. हा सहकारी आधी प्रत्येक स्क्रू घट्ट करतो आणि मग बोलतो. मी त्याला पाठीमागे मिस्त्री म्हणायचो. फॉर्मवर माझ्या संमतीची जागा होती. मी सही केली. सही करायला दिलेलं पेनही त्याचंच होतं, असं मागाहून कळलं.

बाहेर येऊन तिला सांगितलं. चार महिने हा आकडा ऐकून तिनं डोळे मिटले, ओठांनी काहीतरी मोजलं. थंड करायला इतके दिवस, नवीन लहान डबीला इतके. मग म्हणाली की आज दुपारीच फ्रिजमधली हवा काढायचा पंप लावला तर जमेल, आणि चपला वाजवत जिन्याकडे गेली. आभार नाही, राग नाही, मागे वळून बघणं नाही. चार महिन्यांत तिला असल्या गोष्टींसाठी वेळ नव्हता.

संध्याकाळी दिल्लीच्या सदस्यांना गाडीवर सोडायला पुन्हा मीच. दिवसभर ते फार कमी बोलले होते. फलाटावर त्यांनी माझा हात हातात घेतला, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "देखिए, निर्णय तो ठीक है। पर सच बताऊँ, आपका वो पहला वाला ग्राफ ज़्यादा सुंदर था।"

मी म्हणालो, होता खरा.